उसनी बुगडी

कल्याणी बिराजदारचं वजन वाढलं ते स्वतःच्या जेवणानं नाही, दुसऱ्यांच्या जेवणानं. सोलापुरातल्या त्या घरात ताटात काही टाकायचं नाही असा दंडक होता, आणि तो पाळायचं काम एकट्या कल्याणीकडं होतं. नवऱ्यानं, श्रीशैलनं, अर्धी भाकरी ठेवली की ती हिनं खायची. लहानपणी लेकीनं, ईश्वरीनं, वरणभात चिवडून ठेवला की तो हिनं संपवायचा. सासूबाई होत्या तोवर त्यांच्या वाटीतली आमटी, पाहुणे गेल्यावर पातेल्याच्या बुडाशी राहिलेला मसालेभात, दिवाळी सरल्यावर डब्यातला चिवड्याचा चुरा, सगळं एकाच पोटात जायचं. "अगं, टाकून दे की," असं कुणी म्हटलं तर ती म्हणे, "टाकायला हात धजत नाही वो. माझ्या पोटात गेलं तर कुठं वाया जातंय?" पंचवीस वर्षांत त्या घरातलं अन्न वाया गेलं नाही. तिचे गुडघे मात्र गेले, आणि मागोमाग रक्तातली साखर वाढली.

डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं. कल्याणीनं काय केलं नाही? पहाटे उठून मेथीचं पाणी प्यायली, रात्रीचं जेवण सोडलं, महिनाभर नुसत्या दुधीवर राहिली. दोन किलो उतरायचे आणि तीन चढायचे. "उपास तुझा आणि बाळसं पण तुझंच," श्रीशैल म्हणायचा. त्याचं नव्या पेठेत टॉवेल-चादरींचं दुकान होतं, आणि बायकोची चेष्टा करण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. ती हसायची. पण जिना चढताना मध्येच थांबून कठड्याला धरायची, तेव्हा तोही गप्प व्हायचा.

मुलगी ईश्वरी पुण्यात एका लहान कंपनीत इंजिनियर होती. २०३८ च्या गुढीपाडव्याला ती घरी आली, ती एक मखमली डबी घेऊन. डबीत एक बुगडी होती. कानाच्या वरच्या कडेला घालायची, मोत्याची, जुन्या घाटाची.

"सोन्याची आहे?" कल्याणीनं विचारलं.

"वरून मुलामा आहे. आत यंत्र आहे."

"मुलाम्याची आणि एवढी महाग?"

"आई, ही मिरवायला नाही. तुला जेवताना वेळेवर थांबवायला आहे."

यंत्र साधंच होतं. आपण जेवतो, जठर ताणलं जातं, आणि ते मेंदूला निरोप पाठवतं की आता पुरे. हा निरोप जातो व्हेगस नावाच्या एका लांबलचक चेतेतून, म्हणजे मज्जातंतूतून. पोट भरल्याची जाणीव व्हायला मात्र पंधरा-वीस मिनिटं लागतात. भुकेल्या माणसाच्या तेवढ्यात दोन भाकऱ्या जास्तीच्या होतात. गंमत अशी, की याच चेतेची एक बारीक फांदी कानाच्या वाटीत, अगदी कातडीखाली येते. बुगडीचं एक इवलंसं टोक तिथं टेकायचं. जबडा हलला की बुगडीला कळायचं, माणूस जेवायला बसलं. ठरलेले घास झाले की ती त्या फांदीला हलके ठोके द्यायची, आणि मेंदूला वाटायचं, पोटातून निरोप आला. माणूस आपसूक हात आखडता घेई. ना बळजबरी, ना उपास.

"म्हणजे मेंदूला थाप मारायची," श्रीशैल म्हणाला.

"भल्यासाठी मारायची, अप्पा."

"भल्यासाठी मारलेली थाप पण थापच की गं."

पण कल्याणीला ती आवडली. एक तर बुगडी होती, आणि दुसरं म्हणजे लेकीनं केलेली होती. ईश्वरीनं सोबत एक वजनकाटाही आणला. त्यावर रोज सकाळी उभं राहायचं. काट्यावरचं वजन आणि बुगडीतली जेवणाची नोंद दोन्ही पुण्याला ईश्वरीच्या पडद्यावर दिसायची.

"आणि ताट लहान घ्यायचं," ईश्वरीनं बजावलं. "मोठ्या ताटात थोडं वाढलं की उगाच कमी वाटतं."

कल्याणीनं फडताळातून एक छोटी स्टीलची ताटली काढली. कडेवर टिंबाटिंबांनी कोरलेलं होतं, 'चि. ईश्वरी, उष्टावण, मामाकडून'. ईश्वरी त्याच ताटलीत जेवायला शिकली होती. एकेका घासाला तास लावायची, आणि कल्याणी शेजारी पाटावर बसून असायची. शाळेची रिक्षा दारात येऊन भोंगा वाजवायची, तरी ती म्हणायची, "सावकाश खा, मी आहे इथं." मग उरलेलं स्वतः संपवून ताटली घासायला टाकायची. आता त्या ताटलीत कल्याणी जेवू लागली.

घराचा स्वयंपाकच बदलला. पूर्वी सकाळ सगळी ओट्यापाशी जायची. आता कल्याणी झटपटचं शिकली. मोड आलेल्या मुगाची धिरडी, ताकातल्या ज्वारीच्या कण्या, वाफवलेल्या शेवग्याची आमटी, काकडी किसून वर शेंगांचं कूट. भाकरी चतकोर, आमटी वाटीभर, भात एक मूद. घड्याळात अर्धा तास व्हायच्या आत ओटा पुसून ती मोकळी. आणि सर्वांत मोठी क्रांती म्हणजे तिनं जाहीर केलं, "आजपासून ज्याचं उरलं त्यानं संपवायचं." श्रीशैलला स्वतःची अर्धी भाकरी स्वतः खावी लागली, तेव्हा त्याला पहिल्यांदा कळलं की आपल्याला भूक दीड भाकरीचीच होती.

संध्याकाळी दोघं सिद्धेश्वराच्या तळ्याभोवती फिरायला जाऊ लागले. लग्नानंतर इतकं बोलणं त्यांचं कधी झालं नव्हतं. श्रावणात कल्याणीचे गुडघे दुखायचे थांबले. गौरींच्या हळदीकुंकवाला तिनं लग्नातली इरकल नेसली आणि ब्लाऊज उसवावा लागला नाही. बायका गालाला हात लावून बघत होत्या. "अय्या, काय बारीक झालीस गं! काय खातेस तरी काय?" कल्याणी कान पुढं करून बुगडी दाखवायची आणि म्हणायची, "माझ्या लेकीनं केली." तेवढं एक वाक्य म्हणायला मिळावं म्हणून ती आणखी दहा किलो उतरवायला तयार होती.

पुण्यात ईश्वरीच्या कंपनीत तेव्हा एका वेगळ्याच प्रश्नावर खल चालू होता. माणूस आजारानंही बारीक होतो. तो आजार बुगडीच्या आड लपला तर? यावर तोड ईश्वरीनंच काढली होती, आणि तोड चांगली होती. निरोगी माणसाला भूक असते, म्हणून बुगडीला ठोके द्यावे लागतात. भूकच मेली असेल तर माणूस आपणहून थांबेल, बुगडी गप्प राहील. तेव्हा बुगडी गप्प आणि वजन उतरतंय असं दिसलं, की पडद्यावर लाल खूण यायची आणि डॉक्टरांना फोन जायचा.

"पण बुगडी एकीची आणि काट्यावर दुसरीच, असं झालं तर?" तिच्या शेजारी बसणाऱ्या तेजसनं विचारलं होतं. "कान कुणाचा आहे हे ओळखायची सोय करायला हवी. महिनाभराचं काम आहे."

"महिनाभर कुणाकडं आहे?" ईश्वरी हसली होती. "आणि दुसऱ्याची बुगडी कोण घालतं रे? चष्मा कधी कुणी उसना देतं का?"

ती पुण्यात सात वर्षं राहिली होती. आपल्या गल्लीत पुरणयंत्र, इडलीपात्र, शेवेचा सोऱ्या, एवढंच काय लग्नात घालायची मोहनमाळसुद्धा वर्षभर घरोघर हिंडत असते, हे ती विसरून गेली होती.

दसऱ्याला सोनं द्यायला सुवर्णा आली. सुवर्णा म्हणजे श्रीशैलच्या धाकट्या भावाची बायको, राहायला दोन गल्ल्या पलीकडं. जावा जावा असूनही दोघींचं बहिणींसारखं होतं. ती आत येऊन धापा टाकत खुर्चीत बसली, आणि एकदम तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काय झालं गं?"

"डॉक्टर म्हणाले, वजन नाही उतरलं तर गुडघ्याचं ऑपरेशन. तुमचं बघून मी पण सगळं करून बघितलं आक्का. कण्या खाल्ल्या, धिरडी खाल्ली. पण ताटावरून उठवतच नाही. तुमच्याकडं बुगडी आहे. मला कोण आणणार?"

कल्याणीनं कानावर हात नेला आणि बुगडी काढली.

"आक्का, नको! ईशू रागावेल."

"ईशूला सांगायचं कशाला? यंत्राला काय कळतंय कान कुणाचा ते. घाल चार-सहा महिने. मला आता लागतच नाही बघ. मागं दोन दिवस चार्जिंगला लावायची राहिली, तरी चार घासांत पोट भरलं. ईशू म्हणाली होती, कुणाकुणाचं पोट आपलं आपण शिकतं. माझं शिकलं."

हे ती इतक्या कौतुकानं म्हणाली, की सुवर्णानं तिला वाकून नमस्कार केला. कल्याणीनं स्वतःच्या हातानं तिच्या कानात बुगडी अडकवली, वर हळदीकुंकू लावलं. आपल्या कानाला उघडं उघडं वाटू नये म्हणून कल्याणीनं तिथं स्वतःच्या आईची जुनी, तशाच घाटाची सोन्याची बुगडी घातली. लेकीची आठवण आली की हात आपोआप तिथं जायचा.

पुण्याच्या पडद्यावर काही वेगळं दिसलं नाही. सुवर्णाला दणकून भूक होती, बुगडी दिवसातून तीनदा ठोके देत होती. इकडं काट्यावर रोज सकाळी कल्याणी उभी राहत होती आणि वजन उतरत होतं. एकीची भूक आणि दुसरीचं वजन एकाच आलेखात उमटत होतं, आणि इतका देखणा आलेख कंपनीत दुसरा नव्हता. लाल खूण यायचं कारणच नव्हतं. डिसेंबरात एका सभागृहात पैसे गुंतवणाऱ्या लोकांपुढं ईश्वरीनं तो आलेख दाखवला. नाव सांगितलं नाही. "या बाई सोलापूरच्या आहेत," एवढंच म्हणाली, आणि टाळ्या पडल्या तेव्हा तिला हसू आवरेना.

दिवाळीत तिनं आईला पाहिलं होतं. पण दिवाळीत आई नव्या साडीत होती, तोंडावर पावडर होती, कानावर बुगडी होतीच, ती कुठली हे निरखायला सवड नव्हती, घरात माणसं होती. "थोडं दमल्यासारखं वाटतंय," कल्याणी म्हणाली, ते फराळाच्या धबडग्यावर खपून गेलं. लाडू तिनं एकच खाल्ला. त्याचं सगळ्यांनी कौतुक केलं.

जानेवारीत मंगळवेढ्याकडं सुवर्णाच्या माहेरच्या शेतात हुरडा होता. ईश्वरी मुद्दाम आली. शेकोटीत कणसं भाजत होती, सुवर्णाचा भाऊ ती तळहातावर चोळून गरम हुरडा सगळ्यांच्या पुढ्यात टाकत होता. सोबत शेंगांची चटणी, गूळ, दही. कल्याणी गोधडी अंगाभोवती घेऊन उन्हात बसली होती. हुरडा म्हणजे तिचा जीव. लग्न ठरताना तिनं म्हणे एवढंच विचारलं होतं, की यांच्या ओळखीत कुणाची ज्वारी आहे का.

तिनं चिमूटभर हुरडा तोंडात टाकला. बराच वेळ चावला. मग हात पुढं करून ओंजळीत राहिलेला ईश्वरीला दिला.

"घे गं. मला नाही जात."

ईश्वरीनं ओंजळ पुढं केली आणि ती थबकली. आईनं उरलेलं आपल्याला दिलं, असं आयुष्यात कधी झालं नव्हतं. तिनं आईच्या हाताकडं बघितलं. बांगड्या कोपरापर्यंत सरकल्या होत्या. उन्हात आईचा चेहरा पिवळट दिसत होता आणि गळ्याची हाडं वर आली होती. बारीक झालेलं माणूस असं दिसत नाही, हे तिला एका क्षणात कळलं.

तेवढ्यात वाऱ्यानं सुवर्णाच्या डोक्यावरचा स्कार्फ उडाला. तिच्या कानावर मोत्याची बुगडी होती.

"काकू," ईश्वरी म्हणाली, "ही कुणाची?"

सुवर्णानं कानावर हात ठेवला.

"रागावू नको गं," कल्याणी म्हणाली. "मीच दिली दसऱ्याला. तिचे गुडघे बघ कसे सुधारले! मला काय, पोट शिकलंय माझं."

ईश्वरी रागावली नाही. ती आईच्या पायाशी मातीत बसली आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडायला लागली. कल्याणीला वाटलं, यंत्र दुसऱ्याला दिलं म्हणून पोर रडते आहे. ती तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. "आणखी एक करून दे काकूला, मग ही मी परत घालीन. उगी."

दुसऱ्या दिवशी सोलापुरातल्या एका दवाखान्यात दुर्बीण घालून तपासणी झाली. जठराच्या भिंतीत गाठ होती, आणि ती जठरापुरती राहिलेली नव्हती. भिंत ताठरली होती, म्हणून चार घासांत पोट भरत होतं. डॉक्टर येळेगावकर वयस्कर होते, हळू बोलायचे. त्यांनी विचारलं, "जेवण कधीपासून कमी झालंय?"

श्रीशैलनं ईश्वरीकडं पाहिलं. ईश्वरीनं खाली पाहिलं. जेवण कमी व्हावं म्हणूनच तर सगळे वर्षभर टाळ्या वाजवत होते.

"ऑपरेशन?" श्रीशैलनं विचारलं.

"आता त्याचा उपयोग नाही. औषधांनी थोडे महिने मिळतील. दिवाळीच्या आधी आला असतात, तर…" डॉक्टरांनी वाक्य पुरं केलं नाही.

श्रीशैल चेष्टा करायचा थांबला. तो कुणाशीच बोलेना. धाकट्या भावाचा फोन घेईना. ईश्वरी रजा टाकून घरी राहिली होती. तिच्याशी तो बोलला ते एकदाच. "तुझ्या पडद्यावर सगळं दिसत होतं म्हणालीस. सगळं दिसत होतं, आणि आई दिसली नाही?" मग तोच स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभा राहिला आणि हुंदके देऊन रडला. "मी रोज तळ्याभोवती तिच्याबरोबर चालत होतो गं," तो म्हणाला. "मला तरी कुठं दिसलं?"

सुवर्णा दारापर्यंत येऊन परत जायची. एके दिवशी तिनं मुलाबरोबर डबा पाठवला. डब्यात मलमलच्या चिंधीत गुंडाळलेली बुगडी होती, आणि रिकामा डबा पाठवू नये म्हणून खाली शेंगांची चटणी. उखळात कुटलेली, तेल सुटलेली. ईश्वरीनं डबा फडताळात मागं ढकलून दिला.

पुण्याला तिनं सगळं लिहून कळवलं. कान ओळखायची सोय आता बुगडीत होणार होती. तेजस रात्रंदिवस त्यावर बसला होता. महिनाभराचंच काम होतं.

औषधं चालू झाली. कल्याणीला अन्न नको झालं. ईश्वरी पेज करायची, मुगाचं कढण करायची, लोणी घालून कण्या शिजवायची. पूर्वी जे थोडं खावं म्हणून मोजायची, ते आता दोन चमचे जास्त जावं म्हणून मोजत होती. कल्याणी लेकीच्या समाधानासाठी तोंड उघडायची. गिळायची. कधी कधी ते परत यायचं.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी ती उशीला टेकून बसली होती. खिडकीतून शेजारच्या घरी भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

"ईशू," ती म्हणाली, "तुझी ती बुगडी पोट भरवते ना? मग भूक लावता येते का तिला?"

ईश्वरी चपापली. भूक लावता येत होती. प्रयोगशाळेत त्यांना ते चुकूनच सापडलं होतं. ठोक्यांची लय बदलली की भरल्या पोटाचा निरोप मेंदूपर्यंत पोचतच नाही, उलट मेंदू त्या ठोक्यांनाच भुकेचा निरोप समजून बसतो. कंपनीनं ते बाजूला ठेवलं होतं, भूक कोण विकत घेणार म्हणून.

"कशाला हवीय भूक?"

"आठवेना झालंय गं," कल्याणी म्हणाली. "भूक लागली की कसं वाटतं तेच आठवेना. भाकरी थापायचा आवाज येतोय, आणि मला काहीच होत नाही. भिंत थापतंय का भाकरी, मला सारखंच. एकदा, एकदाच भूक लागून जेवायचंय."

श्रीशैल दारात उभा होता. "बास झाले आता तुझे प्रयोग," तो ईश्वरीवर ओरडला. "पोटात घास मावत नाही, आणि भूक लावणार? उपाशी तडफडवायचं आहे का तिला?"

"तुम्ही गप्प बसा वो," कल्याणी म्हणाली. आवाज क्षीण होता, पण हुकूम जुनाच होता. "पोट माझं आहे."

ईश्वरी डॉक्टर येळेगावकरांकडं गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "अप्पा म्हणतात ते खोटं नाही," ते म्हणाले. "भूक लागेल आणि ती भागवता येणार नाही. त्रास होईल. पण मागणारी ती आहे. थोडा वेळच लावा, आणि नको म्हणाली की त्या क्षणी बंद करा." तिला वाटलं होतं, ते नाही म्हणतील आणि आपण सुटू. त्या दिवशी ती तळ्याभोवती एकटीच फेऱ्या मारत राहिली. आईचं ऐकलं तर आईला कळा येतील. नाही ऐकलं तर आई त्या मेलेल्या पोटानं जाईल. शेवटी ती घरी आली आणि तिनं फडताळातला डबा काढला.

कल्याणीनं बेत सांगितला. ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, दही. "आणि भाकरी सुवर्णाच्या हातची पाहिजे."

श्रीशैलनं मान फिरवली. कल्याणी त्याच्याकडं बघत राहिली. थोड्या वेळानं तो उठला, पायात चपला सरकवल्या आणि भावाच्या घरी गेला. येताना सुवर्णा त्याच्या मागून पदर तोंडाला लावून येत होती.

"रडत भाकरी थापू नको," कल्याणी आतून म्हणाली. "खारट होईल."

सुवर्णानं परात घेतली. ईश्वरीनं आईच्या कानावरची जुनी बुगडी हळूच काढली आणि मोत्याची घातली. कान आता इतका पातळ झाला होता की टोक टेकवायला भीती वाटत होती. तिनं फोनवरून ठोक्यांची लय बदलली आणि आईचा हात धरून बसली.

बराच वेळ काही झालं नाही. तव्यावर भाकरी पडली, वास आला. कल्याणी डोळे मिटून होती. मग तिच्या कपाळावर आठी पडली, तिनं ओठांवरून जीभ फिरवली, आणि डोळे उघडले.

"अगं," ती म्हणाली. "अगं बाई."

"दुखतंय का? बंद करू?"

"भूक लागली." ती हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या गालांवरून पाणी ओघळलं. "सुवर्णा, आण की लवकर! किती वेळ लावतेस!"

तीच छोटी ताटली होती. भाकरीचा चतकोर, त्यावर चटणी, बाजूला दही. कल्याणीनं कुणाला भरवू दिलं नाही. स्वतःच्या हातानं भाकरी मोडली, चटणीला लावली, दह्यात बुडवली आणि तोंडात घातली. सगळे तिच्याकडं बघत होते. ती कुणाकडंच बघत नव्हती. हातातल्या घासाकडं बघत होती. दुसरा घास घेतला. "लसूण जरा जास्त झालाय," ती सुवर्णाला म्हणाली, आणि सुवर्णानं मान हलवली. तिसरा घास घेताना तिनं श्रीशैलकडं बघून भुवया उडवल्या, तशी ती नवी नवी असताना उडवायची. त्याला हसू आलं, किती तरी दिवसांनी.

चौथा घास तिनं हातात धरला आणि तो हातातच राहिला. चेहरा ओढल्यासारखा झाला. तिनं दुसरा हात पोटावर दाबला.

"बंद कर ईशू."

ईश्वरीनं बुगडी बंद केली. कळ लगेच गेली नाही. श्रीशैल पाठीमागं बसून तिला धरून होता. हळूहळू तिचा श्वास सावरला. तिनं हातातला घास परत ताटलीत ठेवला.

"छान जेवले," ती म्हणाली.

सुवर्णा ताटली उचलायला पुढं झाली. ताटलीत जवळजवळ सगळंच होतं. कल्याणीनं तिचा हात धरला आणि ताटली ईश्वरीकडं सरकवली.

"उरलंय गं," ती म्हणाली. "टाकू नको."

ईश्वरीला भूक नव्हती. समोर तिचंच नाव कोरलेली ताटली होती, आणि त्यात आईनं मोडून ठेवलेला घास. तिनं तो उचलला आणि तोंडात घातला. गिळता येईना. डोळ्यांतलं पाणी दह्यात पडलं. ती पटापट चावू लागली, कसं तरी संपवून टाकावं म्हणून.

कल्याणीनं उशीवर मान कलती करून तिच्याकडं पाहिलं.

"सावकाश खा," ती म्हणाली. "मी आहे इथं."